वाचकांचे प्रश्न : डेव्ह मिरा यांची बीएमएक्स कारकीर्द

प्रश्न : फ्रीस्टाइल बीएमएक्सचा, म्हणजे छोट्या सायकलवरील कसरतींच्या खेळाचा, विषय निघाला की अमेरिकेच्या डेव्ह मिरा यांच्या पदकांचा उल्लेख हमखास होतो. परंतु धाडसाच्या बाबतीत याच खेळातील मॅट हॉफमन यांचे नाव अनेकजण आधी घेतात. मग मिरा यांचे वेगळेपण नेमके कशात होते?

उत्तर : एक्स गेम्स या साहसी खेळांच्या वार्षिक स्पर्धेत 1995 ते 2008 या काळात, 2006 हे एकच वर्ष वगळता, मिरा यांनी दरवर्षी किमान एक पदक मिळवले. एकूण पदके 24, त्यांपैकी सुवर्णपदके 14. शेवटचे पदक तर सायकलवरचे नसून मोटारींच्या रॅलीतले होते. मात्र त्यांचे मोठेपण या बेरजेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीत आहे, असे आमचे मत आहे, आणि ती म्हणजे त्यांनी एकाच वेळी दोन अगदी भिन्न प्रकारांवर मिळवलेले प्रभुत्व.

‘व्हर्ट’ प्रकारात समोरासमोर दोन उंच रॅम्प असतात आणि त्यांचा वरचा भाग भिंतीसारखा सरळ उभा असतो. खेळाडू कडेच्या वर झेपावतो, हवेतच वळतो आणि त्याच भिंतीवर पुन्हा उतरतो. झोका जसा लयीत हलतो तशी ही लय टिकवावी लागते, कारण एक उतरण जरी चुकीच्या कोनात झाली तरी पुढच्या झेपेची उंची घटते. ‘स्ट्रीट’ प्रकारात, ज्याला पुढे ‘पार्क’ म्हटले जाऊ लागले, अशी ठरलेली लय नसते. तेथे लहानमोठे उतार, चौथरे आणि कठडे असतात, प्रत्येक उडीचा वेग व कोन निराळा असतो आणि कोठून कोठे जायचे हे खेळाडूलाच ठरवावे लागते. बहुतेक जण या दोहोंपैकी एकातच मुरतात. मिरा यांनी 1997, 1998 आणि 1999 अशी सलग तीन वर्षे दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक जिंकले.

हॉफमन यांचा मोठेपणा यामुळे यत्किंचितही उणा होत नाही. हवेत अडीच गिरक्या घेण्याची ‘900’ ही करामत त्यांनी 1989 मध्येच स्पर्धेत करून दाखवली होती आणि उंचीची मर्यादा ते सतत पुढे ढकलत राहिले. मिरा यांची ताकद निराळी होती. अवघड करामतींची मालिका ते एकही पाय न टेकवता पूर्ण करत, आणि परीक्षकांसमोर हेच निर्णायक ठरते.

तरीही 2000 साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी घेतलेल्या ‘डबल बॅकफ्लिप’चा उल्लेख टाळता येणार नाही, कारण एक्स गेम्समध्ये सायकलसह मागच्या मागे दोन कोलांट्या घेऊन सुखरूप उतरणारे ते पहिले खेळाडू होते. यात उताराचे टोक सोडतानाच खेळाडू डोके मागे टाकून हँडलबार अंगाकडे खेचतो आणि शरीर आखडून घेतो, म्हणजे फिरण्याचा वेग वाढतो. पहिली कोलांटी पूर्ण होताना जमीन क्षणभर दिसते, पण तेथे अंग मोकळे केले तर दुसरी कोलांटी अपुरी राहते. सायकलची चाके 20 इंचांची असतात आणि तिला शॉकअॅब्सॉर्बर नसतात, त्यामुळे उतरतानाचा सारा हिसका गुडघे, कोपरे आणि मान यांनाच सोसावा लागतो.

हे सारे करणारा खेळाडू काही वर्षांपूर्वीच मरणाच्या दारातून परतला होता. डिसेंबर 1993 मध्ये रस्ता ओलांडताना एका मद्यधुंद चालकाच्या मोटारीने मिरा यांना उडवले. कवटीला तडा गेला, खांदाही जायबंदी झाला. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

प्रश्न : इतके यश मिळूनही मिरा ऑलिम्पिकमध्ये का दिसले नाहीत?

उत्तर : त्यांच्या काळात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. 2008 मध्ये बीजिंगला बीएमएक्सचा समावेश झाला, परंतु तो केवळ शर्यतीच्या प्रकाराचा होता. फ्रीस्टाइल प्रथम टोकियोच्या स्पर्धेत, म्हणजे 2021 मध्ये खेळले गेले, आणि तेही फक्त ‘पार्क’ प्रकारात.

प्रश्न : मिरा यांच्या अखेरीचा संबंध मेंदूच्या दुखापतींशी जोडला जातो. हेल्मेट वापरत असतानाही अशी इजा कशी होऊ शकते?

उत्तर : 4 फेब्रुवारी 2016 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे मिरा यांनी आपले जीवन संपवले. त्यानंतर मे महिन्यात जाहीर झालेल्या तपासणीत त्यांना सीटीई हा मेंदूचा विकार असल्याचे निष्पन्न झाले. साहसी खेळांतील खेळाडूंमध्ये या विकाराचे हे पहिले निदान होते. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी निगडित असलेल्या या विकारात ‘टाऊ’ नावाचे प्रथिन मेंदूच्या पेशींमध्ये साचत जाते, आणि त्याचे खात्रीशीर निदान आजही मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतींची तपासणी करूनच होते. 1993 चा अपघात, रॅम्पवरील असंख्य पडझडी आणि निवृत्तीनंतर मिरा करत असलेले बॉक्सिंग यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. कोणतीही आत्महत्या एकाच निदानाने उलगडत नसते, म्हणून सारा दोष सीटीईवर टाकणेही आम्हाला योग्य वाटत नाही.

हेल्मेटचे मुख्य काम कवटी फुटू न देणे हे आहे आणि ते काम ते चोख करते. परंतु वेगात असलेले डोके अचानक थांबते किंवा झटक्यात वळते, तेव्हा कवटीच्या आतील द्रवात असलेला मेंदू त्याच क्षणी थांबत नाही. तो हलतो, पिळवटतो आणि त्यातील तंतू ताणले जातात. हे हेल्मेटला पूर्णपणे रोखता येत नाही. त्यामुळे डोके आपटल्यावर गरगरणे, मळमळणे, प्रकाश सहन न होणे किंवा आठवणीत खंड पडणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्या दिवशी खेळाडूने सायकलवर पुन्हा बसू नये आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच टप्प्याटप्प्याने सराव सुरू करावा. पहिला आघात भरून येण्याआधी दुसरा बसला, तर तो कितीतरी अधिक घातक ठरू शकतो.