संगणक येतो, पण सूचना लिहिता येते का?

प्रश्न असा आहे : "मी सोलापूरची असून कला शाखेची पदवीधर आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहे. शासकीय संस्थेत नोकरी करायची असेल, तर कोणती डिजिटल कौशल्ये शिकावीत? संवादकौशल्याचा वेगळा कोर्स करावा का?"

डिजिटल कौशल्य आणि संवादकौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे धरून तुम्ही हा प्रश्न विचारला आहे. नेमक्या याच समजुतीमुळे माझ्या नावावर एक लेखी समज, म्हणजे ताकीद, लागलेली आहे, म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे. सोलापुरातील एका सरकारी कार्यालयात मी 21 वर्षे लिपिक आहे आणि त्यातील बहुतेक काळ अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर गेला आहे. कार्यालयाचे आणि योजनेचे नाव मी लिहीत नाही.

2 वर्षांपूर्वी आमच्याकडील एका योजनेचे अनुदान लाभार्थ्यांच्या आधार क्रमांकावरून थेट बँकेत जमा करण्याचे ठरले. त्याची सूचना काढण्यात आली. तिचा मजकूर मला आजही पाठ आहे : "सर्व संबंधित लाभार्थ्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये प्राप्त निर्देशानुसार थेट लाभ हस्तांतरण प्रणालीद्वारे अनुदान वितरित करणे प्रस्तावित असल्याने, लाभार्थ्यांनी आपले बँक खाते आधार संलग्न असल्याची खातरजमा करून तत्संबंधीची कागदपत्रे विहित मुदतीत सादर करावीत, अन्यथा अनुदान वितरणात बाधा उद्भवल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी लाभार्थ्याची राहील." सही-शिक्क्याचा हा कागद तिरका स्कॅन झाला, संकेतस्थळावर चढला आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरला. गटांवर अंगठे उमटले. सूचना प्रसिद्ध झाल्याचा अहवाल त्याच दिवशी वर गेला.

हा मजकूर नीट वाचून पाहा. विहित मुदत म्हणजे कोणती तारीख, हे त्यात नाही. कोणती कागदपत्रे, तेही नाही. ती कुठे द्यायची, कोणत्या खिडकीवर, किती वाजेपर्यंत, यांतले काहीही नाही. चूक झाली तर जबाबदारी कोणाची, एवढीच एक गोष्ट त्यात पूर्ण स्पष्ट आहे.

सूचना ज्यांच्यासाठी होती त्यांतील पुष्कळ जणी शहराच्या पूर्व भागातील होत्या. तुम्ही सोलापूरच्या असल्यामुळे तिथली वस्ती मी समजावून सांगायला नको. विड्या वळून घर चालवलेल्या या बायका घरात तेलुगू बोलतात आणि बाजारात मराठी बोलतात. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्याही अनेक जणी होत्या. अशा एक आजी माझ्या खिडकीवर तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा त्यांच्या हातात त्या सूचनेची नातवाने काढून दिलेली झेरॉक्स होती. त्यांचे अनुदान दोन महिने आले नव्हते. बँकेत जाऊन त्यांनी विचारले होते आणि आधार लिंक आहे, असे बँकेने सांगितले होते. ते खरेही होते. मग पैसे का येत नाहीत, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते. पहिल्या दोन खेपांना मीसुद्धा सांगू शकले नव्हते.

पैसे न येण्याचे कारण असे आहे. खातेदाराची ओळख पटवण्यासाठी बँक खात्याला आधार क्रमांक जोडते आणि असा क्रमांक एकाच माणसाच्या तीन बँकांतील तीन खात्यांना जोडलेला असू शकतो. सरकारी अनुदान मात्र भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाकडील (एनपीसीआय) नोंदीप्रमाणे जमा होते आणि त्या नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकच बँक असते. सर्वसाधारणपणे ज्या बँकेला सर्वांत शेवटी तशी संमती दिली गेली, तीच बँक तिथे राहते. या दुसऱ्या जोडणीला कार्यालये सीडिंग म्हणतात. आमच्या सूचनेतील 'आधार संलग्न' या एका शब्दप्रयोगात दोन्ही जोडण्या गुंडाळल्या गेल्या होत्या. काही वर्षांपूर्वी वस्तीत भरलेल्या एका शिबिरात या आजींचे दुसऱ्याच बँकेत खाते उघडले गेले होते आणि त्याचे पासबुकही त्यांच्याजवळ उरले नव्हते. पैसे तिथे जमा होत होते.

हे सारे मी त्यांना तोंडी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अक्का, एवढं सगळं कागदावर हाय म्हणता, मग मी कुठं जायाचं ते का लिहिलं नाही?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एका जुन्या पावतीच्या मागे मी त्यांना पाच-सहा वाक्ये लिहून दिली आणि संध्याकाळी घरी बसून तीच वाक्ये नीट केली. ती अशी होती : "तुमचे अनुदान आता आधार क्रमांकावरून बँकेत जमा होणार आहे. तुमची दोन-तीन खाती असली, तरी पैसे एकाच खात्यात येतील. ज्या बँकेत पैसे यावेत असे तुम्हाला वाटते, त्या बँकेत जा. तिथे 'आधार लिंक आहे का' असे विचारू नका. 'सरकारी अनुदान याच खात्यात जमा होईल का' असे विचारा. नाही म्हणाले, तर तिथेच संमतीचा अर्ज भरून द्या आणि पोच घ्या. त्यानंतर पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आमच्या खिडकीवर आणून द्या." खाली खिडकीचा क्रमांक, शेवटची तारीख आणि कार्यालयाची वेळ दिली होती.

दुसऱ्या दिवशी हा मसुदा मी वरिष्ठांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचून परत दिला आणि सांगितले, "मॅडम, सूचना प्रसिद्ध झाली आहे, आपले काम झाले. अशा भाषेत लिहिले, तर उद्या जबाबदारी आपल्यावर येते." भाषा सोपी केली की ती शासकीय राहत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. मी तो मजकूर माझ्या स्वतःच्या फोनवरून ओळखीच्या एका अंगणवाडी सेविकेला पाठवला. तिने तो तेलुगूत बोलून, आवाज ध्वनिमुद्रित करून आपल्या गल्लीच्या गटावर टाकला. पुढच्या आठवड्यात खिडकीवर येणाऱ्या बायकांच्या हातात योग्य कागद होते. त्याच आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली : कार्यालयाच्या मान्यतेशिवाय मजकूर का प्रसारित केला?

माझा खुलासा दोन पानांचा होता. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 यातील कलम 4 मी त्यात उद्धृत केले होते. हे कलम स्पर्धा परीक्षेसाठी सगळे वाचतात, पण त्याच्या शेवटच्या पोटकलमांपाशी फारसे कोणी थांबत नाही. माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात आणि रीतीने तिचा प्रसार करावा, असे पोटकलम 3 म्हणते. खर्चाचा वाजवीपणा, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काची सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घेऊन हा प्रसार करावा, असे पोटकलम 4 म्हणते. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूतून बोललेला निरोप ही कोणा लिपिकाची हौस ठरत नाही, संसदेने संमत केलेल्या कायद्यालाच ती पद्धत अपेक्षित आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे. मराठीत कारभार करायचा, हे तेव्हाच ठरले आणि भाषा संचालनालयाने त्यासाठी परिभाषा कोशही तयार केले. तरीही "याद्वारे सूचित करण्यात येते की" हे वाक्य अंगाने इंग्रजीच राहिले आहे, हेही मी खुलाशात लिहिले. उत्तर एका ओळीचे आले. खुलासा समाधानकारक नसल्याने आपणास सक्त समज देण्यात येत आहे, असे त्यात होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. टंकलेखनाची प्रमाणपत्रे, म्हणजे मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट, आणि एमएस-सीआयटी यांविषयी तुम्हाला माहिती असेलच, त्यामुळे तिथे वेळ घालवत नाही. एक्सेल चांगले यावे. ई-ऑफिस, म्हणजे कार्यालयीन फाइली संगणकावर हाताळण्याची प्रणाली, तर कामावर आल्यावर महिनाभरात येते. एक गोष्ट मात्र आजच करा : युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, शक्यतो इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकावर, न पाहता मराठी लिहायला शिका. कार्यालयांत आजही जुन्या फाँटमध्ये टंकलेखन चालते. त्या फाँटांत मराठी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते. त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होतो, यादीत नाव शोधले तर सापडत नाही आणि अंध व्यक्तीच्या संगणकाला तो मजकूर वाचून दाखवता येत नाही. कागद स्कॅन करून चढवला तरी बहुतेक वेळा हेच होते, कारण शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो कागद म्हणजे केवळ एक छायाचित्र असते. शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने आणि संकेतांकासह संकेतस्थळावर येतात, तर त्यांच्या आधारे काढलेल्या स्थानिक सूचना आपण तिरक्या छायाचित्रांच्या रूपात का द्याव्यात?

कार्यालयांच्या समाजमाध्यमांवरील पानांविषयी माझे मत कडक आहे. बैठकीची आणि सत्काराची छायाचित्रे रोज येतात. त्याखाली एखादा माणूस "माझा अर्ज कुठे अडकला आहे?" असे विचारतो आणि त्याला महिनोन्‌महिने कोणी उत्तर देत नाही. उत्तर देण्यासाठी माणूस नेमायचा नसेल, तर असे पान उघडूच नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवेला कालमर्यादा आहे आणि पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. परंतु न समजणाऱ्या सूचनेमुळे ज्याने अर्जच केला नाही, त्याच्यासाठी ती कालमर्यादा सुरूच होत नाही.

संवादकौशल्याच्या कोर्सवर पैसे खर्च करू नका. ते कोर्स बहुधा इंग्रजीतून मुलाखत कशी द्यावी, हात कसा मिळवावा आणि सादरीकरण कसे करावे हे शिकवतात. आमच्या कामात ते वर्षातून एकदा उपयोगी पडेल. त्याऐवजी कोणत्याही सरकारी कार्यालयाच्या फलकावरची एक सूचना उतरवून घ्या. ती आपल्या भाषेत पुन्हा लिहा आणि घरातील वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला एकदाच वाचून दाखवा. मग त्याला विचारा की, आता तू कुठे जाशील आणि बरोबर काय नेशील? तो अडखळेल तिथे चूक तुमची आहे, हे मान्य करून ते वाक्य बदला. अशा 50 सूचना लिहून झाल्या, तर वर्णनात्मक परीक्षेतही तुम्हाला त्याचा उपयोग होईल. तेलुगू किंवा कन्नड कामापुरते बोलता येत असेल, तर ते कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच मोलाचे समजा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्या आदेशाने कोणाचा हक्क ठरतो किंवा जातो, सुनावणीनंतरचा निर्णय ज्यात लिहिलेला असतो, तिथे कायद्याचे शब्द जसेच्या तसेच ठेवावे लागतात, कारण अपिलात त्यातील प्रत्येक शब्द तपासला जातो. माझा सारा आग्रह लोकांसाठी असलेल्या सूचनांपुरता आहे. दुसरे म्हणजे, स्वतःच्या फोनवरून मजकूर पाठवण्याचे मी केलेले काम नव्या कर्मचाऱ्याने करू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 सालापासून आहेतच, आणि 2025 मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी स्वतंत्र सूचनाही काढल्या आहेत. परिविक्षा कालावधीत, म्हणजे नोकरी कायम होण्याआधी, अशी नोटीस आली, तर ती माझ्यापेक्षा तुम्हाला फार महाग पडेल.

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती, असे मला आता वाटते. मसुदा मी रीतसर टिपणीशिवाय नुसताच दाखवला आणि नकारही तोंडीच घेतला. किती बायका किती वेळा परत गेल्या याची नोंद मी ठेवली नव्हती, त्यामुळे खुलाशात माझ्याजवळ कलम होते, पण आकडा नव्हता. त्या वरिष्ठांना मी आजही पटवून देऊ इच्छिते, परंतु ते सेवानिवृत्त झाले आहेत. आता माझ्या खिडकीवर एक वही असते. कोणता प्रश्न दिवसातून किती जणांनी विचारला, ते मी त्यात रोज लिहिते. एकच प्रश्न तिसऱ्या दिवशीही आला, तर सूचनेचा दुरुस्त मसुदा जोडून रीतसर टिपणी सादर करते. त्यावर होकार असो वा नकार, त्याखाली सही आणि तारीख येते. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यातच अशी एक वही घाला.