4 इंची ग्राइंडरला टाइल आणि लोखंड दोन्हीसाठी एकच कटिंग व्हील चालेल का?

तुम्ही विचारलंय की 4 इंची ग्राइंडर नवीन घेतलाय, नाशिकला पाथर्डी फाट्याच्या घरी बाथरूमच्या टाइल्स कापायच्यात, गच्चीवरच्या शेडचे चौकोनी पाइपही कापायचेत, आणि दुकानदार म्हणतोय की एकच व्हील घ्या सगळ्याला चालतं. नाही चालत भाऊ. दोन वेगळी व्हील घ्या. मी अंबडला फॅब्रिकेशनचं काम करतो आणि साइटवर टाइलवाल्या मिस्त्र्यांसोबत बराच वेळ जातो, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलेलं सांगतो.

आधी हे समजून घ्या की ही दोन व्हील कापतातच वेगळ्या पद्धतीने. लोखंडाचं जे पातळ व्हील असतं ते झिजण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे रेझिनमध्ये, म्हणजे डिंकासारख्या घट्ट चिकट मालात, बसवलेले असतात, आत फायबरची जाळी असते. दाणा बोथट झाला की गळून पडतो आणि मागचा नवा धारदार दाणा पुढे येतो, म्हणून काम करता करता व्हील लहान लहान होत जातं, ते खराब झालं असं समजायचं नाही. टाइलचं डायमंड ब्लेड म्हणजे मूळ स्टीलची चकती आणि तिच्या कडेला फक्त हिऱ्याची बारीक कणी बसवलेली. ते घासून घासून कापतं, कडक आणि ठिसूळ मालासाठी.

आता हेच ब्लेड लोखंडावर लावलं तर काय होतं, हिरा म्हणजे शेवटी कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन ओढून घेतं, त्यामुळे हिऱ्याची धार पटकन जाते, वर लोखंडाचा चिकट थर कडेवर बसतो आणि मग ते ब्लेड टाइलही धड कापत नाही. लोखंडासाठी वेगळी डायमंड व्हील मिळतात, व्हॅक्यूम ब्रेझ्ड म्हणून, पण ती बनवायची पद्धतच वेगळी आहे आणि पाकिटावर मेटल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. साधं टाइलचं ब्लेड म्हणजे ते नव्हे. उलट बाजूने लोखंडाचं व्हील टाइलवर चालवलं तर कापलं जाईल, पण टाइल तापते, ग्लेझचे, म्हणजे वरच्या चकचकीत थराचे, टवके उडतात, व्हील बघता बघता संपतं आणि घरभर धूळ.

दुकानात गेल्यावर दुकानदाराला विचारण्याआधी व्हीलवरची छपाई वाचा. लोखंडाच्या व्हीलवर A 60 T BF असं काहीतरी असतं. A म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, धातूसाठी. C असेल तर सिलिकॉन कार्बाइड, ते दगड-काँक्रीटसाठी. 60 हा दाण्याचा आकार, T म्हणजे किती कडक, BF म्हणजे रेझिन आणि फायबर. मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष असतं ती एक्सपायरी, ती बघाच, कारण रेझिन जुनं होऊन आणि ओल लागून कमजोर होतं. आपल्याकडे पावसाळ्यात शेडमध्ये उघडं पडलेलं व्हील तारीख शिल्लक असली तरी मी वापरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे आरपीएम, मिनिटाला किती फेरे ते. तुमचा 4 इंची ग्राइंडर साधारण 11,000 च्या आसपास फिरत असेल, मशीनच्या प्लेटवर बघा. 100 मिमीचं व्हील त्या स्पीडला फिरतं तेव्हा त्याची कड ताशी 200 किलोमीटरच्या पुढे पळत असते. चांगल्या 4 इंची व्हीलवर 15,200 किंवा त्याच्या आसपास कमाल आरपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला 80 मीटर, तिथे काळजी नाही. पण गार्ड (व्हीलवरचं पत्र्याचं संरक्षक झाकण) काढून 7 इंची व्हील 4 इंची मशीनला लावणारी माणसं मी बघितलीत, ते व्हील साधारण 8,500 साठी बनवलेलं असतं, 11,000 ला ते फुटू शकतं आणि तुकडा कुठे जाईल ते कुणाच्या हातात नाही. मशीनचा आरपीएम व्हीलवरच्या आकड्यापेक्षा कमीच पाहिजे, ह्यात तडजोड नाही.

बोअरही बघा. 4 इंची ग्राइंडरच्या व्हीलचं भोक 16 मिमी असतं, मार्बल कटरच्या ब्लेडचं 20 मिमी, आणि ती ब्लेड बरेचदा 105 किंवा 110 मिमीची असतात. 20 चं ब्लेड 16 वर बसवायला रिड्युसर रिंग लागते, नीट घट्ट बसणारी, नुसतं नट आवळून भागवू नका, ब्लेड एका बाजूला सरकून थरथरतं. आणि 110 चं ब्लेड ग्राइंडरच्या गार्डला घासतं, मग लोक गार्डच काढून टाकतात, तेवढं मात्र करू नका. गार्डमध्ये फिरेल तेच ब्लेड घ्या. टाइलचं काम जास्त असेल तर सरळ मार्बल कटर दोन दिवस भाड्याने आणा, त्याला खाली प्लेट असल्यामुळे रेघ सरळ जाते.

पाइपसाठी 1 किंवा 1.2 मिमी जाडीचं व्हील घ्या. पातळ पाइपला तेच बरं, कमी तापतं, कापलेल्या कडेला खरखरीत बर कमी निघते. फक्त ते आडवं वाकवायचं नाही, कट सरळच धरायचा, हात तिरपा झाला की व्हील तुटतं. जाड अँगल कापायचे असतील आणि हात बसलेला नसेल तर 2.5 ते 3 मिमीचं सावकाश कापतं पण दणकट असतं. वेल्डिंग घासायला 6 मिमीचं ग्राइंडिंग व्हील वेगळं घ्या, कटिंग व्हीलच्या बाजूने घासणं म्हणजे धोका. पुढे जिन्याला स्टेनलेस स्टीलचं रेलिंग करणार असाल तर त्याला आयनॉक्स लिहिलेलं व्हील लागतं, आणि जे लोखंडावर वापरलंय ते स्टीलवर आणू नका, लोखंडाचे कण अडकून नंतर गंजाचे डाग येतात. शेडच्या रंगीत पत्र्याला तर ग्राइंडर लावूच नका, कडेचा रंग आणि झिंक जळतं आणि तिथूनच गंज धरतो, पत्र्याची कात्री वापरा.

टाइलमध्ये बघा की भिंतीची सिरॅमिक आहे की व्हिट्रिफाइड. सिरॅमिक आतून मऊ असते, पाणी बरंच शोषते, तिचे सरळ कट तर ओढायच्या हँड कटरनेच मस्त निघतात, ग्राइंडर फक्त कोपऱ्यांना आणि नळाच्या जागेला. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, इतकी घट्ट असते, तिला अखंड कडेचं किंवा पातळ जाळीदार टर्बो ब्लेड लागतं. मधे खाचा असलेलं सेगमेंटेड ब्लेड काँक्रीट-विटेचं आहे, टाइलची कड ओरबाडतं. रेघेवर मास्किंग टेप लावा, पहिल्यांदा फक्त एक-दोन मिमी खोल रेघ मारून घ्या, मग पूर्ण कापा, आणि शेवटचा इंचभर भाग दुसऱ्या बाजूने या नाहीतर तिथेच तुकडा उडतो. एल आकाराचा कट असेल तर कोपऱ्यात आधी छोटं भोक पाडा, नाहीतर तडा कोपऱ्यातूनच धावतो. ब्लेडवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना तेही बघा.

तुमचं काम दोन्ही प्रकारचं आहे म्हणून एक खास सांगतो, पाइप कापायचं काम टाइल्स आणि खिडकीच्या काचांपासून लांब करा. ठिणग्या म्हणजे वितळलेलं लोखंडच असतं, काचेत आणि ग्लेझमध्ये रुतून बसतात, पुसून जात नाहीत आणि नंतर गंजून तपकिरी ठिपके दिसतात.

टाइलची धूळ फार वाईट, सिलिका असते, वर्षानुवर्षं फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यामुळे रुमाल बांधून भागत नाही, एन 95 मास्क लावा. पाणी मारून कापायचं तर पाण्यासाठी बनवलेलं मशीनच वापरा आणि लाइन ईएलसीबीवरून (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घ्या, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका. चष्मा दोन्ही कामांना. नवीन व्हील बसवलं की चेहऱ्यापासून लांब धरून अर्धा मिनिट रिकामं फिरवा, फुटायचं असेल तर बहुतेक तेव्हाच फुटतं.

आणि डायमंड ब्लेड मधेच कापेनासं झालं तर लगेच टाकून देऊ नका. कडेचा धातू गुळगुळीत होऊन हिरे झाकले गेलेले असतात. लाल विटेत किंवा सिपोरेक्सच्या (हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या) तुकड्यात चार-पाच कट मारा, वरचा थर घासला जाऊन नवे हिरे उघडे पडतात. टाइलच्या बॉक्सवर काय लिहिलंय आणि पाइपची जाडी किती आहे ते कळवा, मग नेमकं कोणतं घ्यायचं ते सांगतो.