टर्बो बदलायचा की थांबायचं? आधी शाफ्ट हलवून बघा

तुमची गाडी 2012 ची डिझेल स्विफ्ट, चाललीय 1 लाख 60 हजार किलोमीटर. घोडबंदरला गायमुखच्या चढावर ओढत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर सोडते. मेकॅनिक म्हणतो टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बदला, आणि तुम्ही विचारताय की आत्ताच बदलू की गणपतीला चिपळूणला जाऊन आल्यावर. माझं वागळे इस्टेटला गॅरेज आहे, अशा गाड्या रोज समोर येतात. एवढ्या लक्षणांवरून टर्बो गेला असं मी तरी म्हणणार नाही.

काळा धूर आणि कमी पिकअप म्हणजे डिझेलच्या मानाने इंजिनाला हवा कमी पडतेय. त्याला कारणं बरीच. एअर फिल्टर चोंदलेला, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने अडकलेला, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) नीट बंद न होणारं, नाहीतर इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज फाटलेला. हे शेवटचं तर नेहमीचंच आहे. इतक्या वर्षांत रबर कडक होतं आणि चीर नेमकी खालच्या बाजूला, क्लिपजवळ पडते, वरून काही दिसत नाही. थंड इंजिनावर, गाडी बंद ठेवून, टॉर्च घ्या आणि होजच्या पोटाखालून बोट फिरवा. जिथून हवा सुटते तिथे तेलात माखलेली काळी धूळ चिकटलेली असते, बोटाला लगेच कळते. तुमची शिट्टी बहुधा इथलीच असेल. होज बदलला की गाडी पुन्हा ओढायला लागते, आणि तो खर्च टर्बोच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

होज, फिल्टर, ईजीआर सगळं ठीक निघालं तर मग टर्बोकडे वळायचं. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढायला सांगा आणि तपासणी तुमच्यासमोरच होऊ द्या. आत पंख्याच्या मधोमध नट असतो, तो दोन बोटांत धरून हलवायचा. डावी-उजवीकडे किंचित हालला तर घाबरू नका, शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, त्यामुळे तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण आत-बाहेर ढकलल्यावर प्ले (सैलपणा) जाणवला, किंवा पात्यांच्या कडा हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासून चकाकत असतील, तर टर्बो संपला. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. तिथे 'अजून थोडे दिवस चालवू' करू नये, पातं तुटलं तर तुकडे इंजिनात जाऊ शकतात.

पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा असतोच, त्यावरून कोणी टर्बो विकत असेल तर ऐकू नका. इंटरकूलरचा खालचा पाइप काढल्यावर तेल ओघळलं तर मात्र गोष्ट वेगळी. तुम्ही धूर काळा लिहिलाय. तो निळसर दिसायला लागला आणि डिपस्टिकवर ऑइल दर आठवड्याला खाली येत असेल, तर चिपळूणला ही गाडी नेऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय. टर्बोचं सील पूर्ण सुटलं की डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं, चावी काढली तरी बंद होत नाही. असं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, पाचवा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडून हात घालायला जाऊ नका.

निळ्या धुराला टर्बोच जबाबदार असतो असंही नाही. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून जोरात भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि अशा इंजिनावर नवा टर्बो बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. 2027 मध्ये तुमच्या गाडीला 15 वर्षं होतील, मग फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे आलंच. इंजिन थकलं असेल तर मी गाडी विकायचा सल्ला देईन. इंजिन घट्ट असेल तर खर्च जरूर करा, हे 1.3 लिटरचं इंजिन नीट ऑइल मिळालं तर अजून बरंच चालतं.

बदलायचं ठरलं तर अख्खा टर्बो घ्यायलाच हवा असं नाही. हाउसिंग चांगलं असेल तर फक्त बॅलन्स केलेला कोअर (शाफ्ट आणि पंख्यांचा मधला भाग) बसवता येतो. तुमच्या 75 पीएस ताकदीच्या गाडीत साधा टर्बो आहे, त्याला ते चालतं. 90 पीएसच्या एर्टिगासारख्या गाड्यांत व्हेरिएबल टर्बो असतो, त्याच्या आतल्या हलणाऱ्या पट्ट्या काजळीने जाम होतात, तिथे नुसत्या कोअरवर मी भागवत नाही.

जुना टर्बो का गेला हे मात्र मेकॅनिककडून वदवून घ्या. बहुतेक वेळा ऑइलच पोचलेलं नसतं: बदल लांबवलेले, टर्बोला ऑइल नेणाऱ्या फीड पाइपमध्ये कार्बन, किंवा इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधली जाळी चोंदलेली. म्हणून फीड पाइप नवा, रिटर्न पाइप साफ, इंटरकूलर धुऊन कोरडा, ऑइल आणि फिल्टर नवे, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. यातलं काही गाळून स्वस्तात देणाऱ्याकडे काम देऊ नका. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी कोअरमध्ये हाताने ऑइल भरायचं, मग गाडी काही मिनिटं आयडलवरच ठेवायची, लगेच रेस द्यायची नाही. आणि चार-पाचशे किलोमीटर झाले की परत नेऊन होजच्या क्लिपा एकदा आवळून घ्या.