ताई, थोडं वजन उतरवू की आहे तशीच राहू?

प्रश्न: ताई, मी मालवणची, वय ३४. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंगाने सुटलेय, लग्नकार्यात बायका बोलतातच. काय करू?

उत्तर: अगं, त्या बायकांसाठी एक किलोपण उतरवू नकोस, दोन लेकरं दिलीयत या शरीराने. तंग ब्लाउज आजच शिंप्याकडून सैल करून घे. पण टेपने कंबर मोज, आपल्या बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर असली की शुगर, बीपीचा धोका वाढतो आणि ५ टक्के वजन उतरलं तरी बराच फरक पडतो, म्हणजे ७० किलोला साडेतीनच किलो. बाळ अंगावर पीत असेल तर उपाशी डाएट अजिबात नको हं. भात सोडू नकोस, थोडा कमी घे, बांगडा तळण्याऐवजी तिरफळं घालून कर आणि संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर चालायला जा, मुलांनापण ने.