यंत्रं नव्हती तेव्हाच्या भूकंपाची ताकद लोकांच्या वर्णनावरून कशी काढतात?

रिश्टरचा आकडा कुणाच्या आठवणीतून थेट निघत नाही. आधी निघते ती त्या त्या गावात जाणवलेली तीव्रता.

पुण्यात 11 डिसेंबर 1967ची कोयना भूकंपाची पहाट आठवणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा. "लई हललं" एवढ्यानं भागत नाही. झोप मोडली का? फडताळातली भांडी नुसती वाजली की खाली आली? गिलावा पडला का? मर्काली मापनात (हे रिश्टर नव्हे, जाणवलेली तीव्रता मोजणारं माप) भांडी खणखणली तर साधारण 4, बहुतेक झोपलेले जागे झाले तर 5, थोडाफार गिलावा पडला तर 6.

अशा नोंदी गावागणिक नकाशावर मांडायच्या. 1897च्या आसाम भूकंपानंतर भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅमने हेच केलं. मग कोयना (सुमारे 6.3) किंवा 1993चा किल्लारी (सुमारे 6.2) अशा, यंत्रावर आणि लोकांच्या तोंडीही नोंद असलेल्या भूकंपांशी ताडायचं: कोणत्या तीव्रतेचा पट्टा किती लांब पसरला? पसारा जुळला तर ताकदही साधारण तेवढीच धरायची. ताडायला भूकंप शक्यतो दख्खनचेच घ्यावेत, कारण इथल्या जुन्या, कठीण खडकातून धक्का हिमालयापेक्षा दूरवर जातो.

एकट्या पडलेल्या घरावर मात्र विसंबू नका. दगडमातीची भिंत आणि नदीकाठचा गाळ, दोन्ही आकडा फुगवतात. जुन्या कागदातलं "धरणी डळमळली" तर मी बाजूलाच ठेवतो.

इतकं करूनही 1819च्या कच्छ भूकंपाला कुणी 7.7 म्हणतं, कुणी 8च्या वर.