वाचकांचे प्रश्न : महागडा स्क्रीन रीडर कोणी विकत घ्यावा?

प्रश्न : माझी पुतणी जन्मतः दृष्टिहीन असून पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संगणकावर ती एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरते. ‘जॉज आल्याशिवाय नोकरी मिळणार नाही,’ असे एका परिचितांनी सांगितल्यावरून आम्ही जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरचे दरपत्रक मागवले आणि तो आकडा पाहून घरात दोन तट पडले. फुकटची वस्तू ती फुकटचीच, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. कर्ज काढून घ्यावे काय?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : कर्ज मुळीच काढू नये. आपल्या बंधूंचा समज इतर खरेदीत खरा ठरत असेलही, परंतु एनव्हीडीए फुकट आहे ते निकृष्ट आहे म्हणून नव्हे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये ते लिहायला घेतले, त्यांचे दृष्टिहीन मित्र जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि ज्याला दिसत नाही त्याने संगणक वापरण्यासाठी डोळस माणसापेक्षा जास्त पैसे का मोजावेत, या प्रश्नातूनच ते उभे राहिले. वर्ड, एक्सेल, ब्राउझर आणि ईमेल ही विद्यार्थ्याची नेहमीची कामे त्यावर उत्तम होतात. संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता यावीत यासाठी काम करणाऱ्या वेबएम या अमेरिकी संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉजचे नाव घेणारे सुमारे 40 टक्के आणि एनव्हीडीएचे घेणारे सुमारे 38 टक्के होते, आणि त्या पाहणीत उत्तर अमेरिकेतील, म्हणजे जॉजच्या घरच्या बाजारपेठेतील, उत्तरदात्यांचाच भरणा मोठा होता.

मग जॉजला इतके पैसे का पडतात, हेही समजून घेतले पाहिजे, कारण त्याची किंमत ही निव्वळ लूट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. टेड हेंटर या दृष्टी गमावलेल्या मोटरसायकल शर्यतपटूच्या कंपनीने ते 1989 मध्ये डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीसाठी आणले आणि 1995 मध्ये विंडोजवर नेले. अशा सॉफ्टवेअरला गिऱ्हाइके मोजकी असतात, पण विंडोज, ऑफिस आणि ब्राउझर यांची प्रत्येक नवी आवृत्ती आली की दुरुस्तीचे काम मात्र गिऱ्हाइके पुष्कळ असती तरी जेवढे लागले असते तेवढेच करावे लागते. शिवाय पाश्चात्त्य देशांत हा खर्च बहुधा सरकार किंवा मालक उचलतो, त्यामुळे किंमत ठरते ती त्यांचा खिसा पाहून. व्यावसायिक वापराच्या कायम परवान्याला हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात, आणि पुढच्या आवृत्त्या हव्या असतील तर त्यांचे पैसे वेगळे. घरगुती परवाना स्वस्त असतो, पण तो घेऊन कचेरीत काम करता येत नाही. दरपत्रकातील परवाना यांपैकी कोणता, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

या पैशांचे खरे मोल दिसते ते बँक, विमा किंवा कॉल सेंटरमधील जुन्या, खास त्या संस्थेपुरत्या बनवलेल्या प्रणालींवर. स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही. पडद्यावरचे बटण किंवा चौकट कोणती, हे तो प्रोग्रॅमकडून विचारून घेतो. प्रोग्रॅमने ते सांगितलेच नाही, तर पुतणीला टॅब दाबत गेल्यावर ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येईल. अशा वेळी जॉजसाठी वेगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या आज्ञावली, लिहून त्या बटणांना नावे देता येतात, आणि अडले तर हक्काने कंपनीच्या मागे लागता येते. एनव्हीडीएलाही पूरक जोडण्या असतात, परंतु जेथे मालकाला करार आणि जबाबदार माणूस हवा असतो, तेथे जॉजचे पारडे जड ठरते. तो खर्च मात्र मालकाचा आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 20 नुसार शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवणे बंधनकारक आहे, आणि खासगी नोकरीतही रुजू होताना ही मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तोवर पुतणीने जॉज शिकूच नये, असे नाही. परवान्याशिवाय ते एका वेळी 40 मिनिटे चालते, नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. नेहमीच्या कामाला हे जाचक आहे, पण ओळख करून घ्यायला पुरेसे. दोन्हींत पुष्कळ सवयी सारख्याच आहेत. वेबपानावर एच दाबले की दोन्हीकडे पुढचे शीर्षक येते. बी.कॉम.च्या मुलीने लेखापालनाचे जे सॉफ्टवेअर वापरायचे आहे, तेही दोन्हींवर चालवून पाहावे. माझ्या मते मुलाखतीत या अनुभवाचा उपयोग परवान्यापेक्षा अधिक होईल. शिल्लक पैसा चांगला हेडफोन आणि प्रशिक्षण यांवर खर्चावा. पुण्यात दहावी-बारावीनंतरच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या निवांत संस्थेत चौकशी करता येईल. संगणकच घ्यायचा असेल, तर आधी यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवून, दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची माहिती घ्यावी.

प्रश्न : आमच्या संस्थेत एक दृष्टिहीन सहकारी रुजू झाले आहेत. इंग्रजी पत्रे त्यांना ऐकता येतात, परंतु आमची मराठी परिपत्रके त्यांच्या संगणकावर नुसती गडबड बोलतात. यासाठी कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे?
— एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : कोणतेही नाही. परिपत्रके बहुधा जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःची ठरलेली खूण देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली असावीत. त्या फाँटमध्ये दिसायला देवनागरी असली, तरी आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये टंकलेला ‘भारत’ हा शब्द स्क्रीन रीडरला ‘एच, के, के, जे, आर’ असा मिळतो, आणि लाखाचे सॉफ्टवेअर घेतले तरी ते हेच वाचणार. यापुढचा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुना मजकूर बदलून देणारे परिवर्तक मिळतात, मात्र जोडाक्षरे एकदा तपासून घ्यावीत.

एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो, यांत्रिक असला तरी. हिंदी आवाजावर काम भागवू नये, कारण ‘चांगला’मधील च हिंदीत नाही आणि तो आवाज ‘च्यांगला’ असे म्हणत राहतो. सही-शिक्क्यासाठी छापून पुन्हा स्कॅन केलेली पीडीएफ त्यांना पाठवू नये, ती स्क्रीन रीडरच्या लेखी कोरे चित्र असते. तिच्यासोबत मूळ वर्ड फाइल जोडली की काम होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.