सेन्सर कसा निवडावा? जास्त अचूक सेन्सर घेतला की मोजमापातला फरक जातो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जॅकेट (बाहेरून वाफ फिरवायचं कवच) असलेल्या रिॲक्टरचं तापमान के टाइप थर्मोकपलने (दोन वेगळ्या धातूंच्या वायरी जोडून बनवलेल्या सेन्सरने) मोजता. पॅनेलवर ८५ अंश दिसतात, आणि हातातल्या मीटरचा प्रोब वरून बुडवला की ८१ येतात. साहेब म्हणतात, जास्त अचूक सेन्सर मागवा. तर कुठला मागवावा, आणि एकूणच निवडताना काय बघावं?

माझं मत विचाराल तर अजून काहीच मागवू नका. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करतो, आणि 'सेन्सर बदला' हा हुकूम बहुतेक वेळा दोष कुठे आहे हे कुणी न शोधताच सुटलेला असतो. नवा सेन्सर येतो, त्याच जुन्या थर्मोवेलमध्ये (सेन्सर घालायच्या, द्रवात बुडणाऱ्या धातूच्या बंद नळीत) बसतो, त्याच केबलला जोडला जातो आणि पुन्हा ८५ दाखवतो.

पहिली गोष्ट, ८१ खरे हे कुणी ठरवलं? हातातल्या मीटरचा प्रोबही बहुधा के टाइपच असतो. क्लास २ च्या के थर्मोकपलला या तापमानाला ±२.५ अंशांची मुभा आहे, क्लास १ ला ±१.५. दोन्हीकडे क्लास २ असेल आणि एक वर, एक खाली गेला, तर चार अंशांचा फरक कुणाचाच दोष नसताना निघू शकतो. म्हणून आधी दोन्ही प्रोब बर्फात घाला. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये भरायचा, फटी भरतील एवढंच पाणी ओतायचं, ढवळायचं आणि प्रोब मधोमध धरायचा, तळाला टेकवायचा नाही. शून्य यायला हवं. उकळत्या पाण्याची चाचणीही लोक करतात, पण उंचीवर पाणी शंभराच्या आत उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. तो हिशोब धरला नाही तर चांगल्या मीटरला वाईट ठरवून मोकळे व्हाल. प्रमाणित ड्राय ब्लॉक (नेमक्या तापमानाला धरलेला, प्रोब घालायचा धातूचा ठोकळा) हाताशी असेल तर सरळ ८० अंशांनाच तपासा, कारण तुमचं काम तिथे आहे.

समजा हातातला मीटर खरा निघाला. मग पुढचा प्रश्न: चूक कशी वागते? ती नेहमी चारच अंश असते, तापमानाबरोबर वाढते, जॅकेटमधल्या वाफेबरोबर हलते की दिवसरात्रीबरोबर? हे एका शिफ्टभर लिहून काढलंत तर बहुतेक वेळा दोषी सापडतो, तेही एक रुपया खर्च न करता.

चूक जॅकेटबरोबर हलत असेल तर थर्मोवेल बघा. सेन्सर नेहमी स्वतःचंच तापमान सांगतो. ते द्रवाच्या तापमानाएवढं आणणं हे बसवणाऱ्याचं काम. थर्मोवेल आखूड असेल तर रिॲक्टरच्या गरम भिंतीतून धातूतून उष्णता टोकापर्यंत येते आणि आकडा द्रव आणि भिंत यांच्या मधला कुठला तरी दिसतो. थर्मोवेलच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान दहापट लांबी द्रवात बुडालेली असावी, असा ढोबळ नियम आहे. भिंतीतून जेमतेम दोन बोटं आत डोकावणारा जाड थर्मोवेल असेल तर त्यात जगातला सर्वांत महाग सेन्सर घातला तरी तो भिंतीची भेसळ वाचणारच. तपासायला सोपं आहे: जॅकेटची वाफ बंद करा, ढवळणी चालू ठेवा आणि थांबा. जॅकेट थंडावत द्रवाच्या जवळ येईल तसा फरक मिटत गेला तर दुसरं काही शोधायची गरज नाही. ढवळणी बंद असताना घेतलेली कुठलीही तुलना मात्र फेकून द्या. वरचा थर आणि तळचा थर यांच्यात चार अंश सहज असतात.

थर्मोवेल उघडलाच आहे तर सेन्सरचं टोक तळाला टेकतंय का तेही बघा. मध्ये हवा राहिली की सेन्सर आळशी होतो. हा आळस आकड्यात मांडता येतो: टाइम कॉन्स्टंट (सेन्सरला बदल गाठायला लागणाऱ्या वेळेचं माप) ६० सेकंद असेल आणि बॅच मिनिटाला दोन अंशांनी तापत असेल, तर आकडा सतत दोन अंश मागे चालतो, थंड होताना तेवढाच पुढे. स्प्रिंगने दाबून धरणारा सेन्सर घेतला की हा प्रकार बराच कमी होतो.

चूक दिवसरात्रीबरोबर किंवा पॅनेलरूमच्या एसीबरोबर हलत असेल तर केबल. थर्मोकपल दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक मोजतो, म्हणून हेडपासून (सेन्सरच्या वरच्या जोडणीच्या डबीपासून) पॅनेलपर्यंत त्याच जातीची एक्स्टेन्शन किंवा कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. कुणी मध्ये साधी तांब्याची वायर जोडली असेल, तर हेड आणि पॅनेल यांच्या तापमानातला फरक जसाच्या तसा तुमच्या आकड्यात शिरतो. पॅनेल हेडपेक्षा चार अंश गरम, तर आकडा चार अंश जास्त. एक चकवा आणखी आहे. अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल वायर ही ऋण असते. लाल म्हणजे धन ही सवय हाताला इतकी बसलेली असते की जोडणी उलटते. आयईसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत के टाइपची धन वायर हिरवी आणि ऋण पांढरी. एका टोकाला उलटलं तर आकडा तापवताना खाली जायला लागतो आणि लगेच पकडलं जातं. केबल दोन्ही टोकांना उलटली तर आकडा शहाण्यासारखा वर-खाली होत राहतो, फक्त हेड आणि पॅनेलमधल्या फरकाच्या दुप्पट चुकतो. असा लूप (सेन्सर ते पॅनेल ही सगळी साखळी) वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात न येता चालू शकतो.

आणि चूक तापमानाच्या प्रमाणात वाढत असेल तर सेन्सरकडे ढुंकूनही बघू नका, रेंज तपासा. ट्रान्समीटर (सेन्सरचा आकडा ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या करंटमध्ये बदलून पॅनेलला पाठवणारं यंत्र) ० ते १५० वर सेट आहे आणि पॅनेलमध्ये कुणी ० ते १६० भरलंय, असं समजा. ८१ अंशांना ट्रान्समीटर १२.६४ मिलिॲम्पिअर पाठवतो, अगदी बरोबर. पॅनेल त्याचे ८६.४ करतं. ४० अंशांना तोच लूप ४२.७ दाखवेल आणि शून्याला बिनचूक असेल. लूपमध्ये मिलिॲमीटर घालून ही गोष्ट पाच मिनिटांत उघडी पडते.

आता निवडीकडे. कॅटलॉग उघडण्याआधी एकच विचारायचं: या आकड्यावरून कोण काय ठरवणार आहे? बॅच ±२ अंशांत चालत असेल तर मोजमापाची एकूण अनिश्चितता अर्ध्या अंशाच्या आसपास असावी. एकास चार हा जुना आणि कामाला येणारा दंडक. 'एकूण' या शब्दावर जोर आहे. त्यात सेन्सर, बसवणूक, केबल, ट्रान्समीटर, पॅनेल सगळं आलं.

तुमच्या ८५ अंशांना पीटी१०० (प्लॅटिनमचा, तापमानाबरोबर रोध वाढणारा सेन्सर) हाच स्वाभाविक पर्याय. शून्याला १०० ओहम, शंभराला १३८.५१. क्लास ए ची मुभा ८५ अंशांना साधारण ±०.३२, क्लास बी ची ±०.७३. पण तो दोन वायरींवर जोडलात तर सगळं मुसळ केरात: एका अंशाला ०.३८५ ओहम, म्हणजे केबलचा एक ओहम आकडा २.६ अंशांनी वर ढकलतो. तीन वायरींत हे भागतं, पण तिन्ही वायरींचा रोध सारखा आहे या गृहीतावर. एका टर्मिनलला गंज चढला की गृहीत गेलं. चार वायरी घ्या, किंवा ट्रान्समीटर हेडमध्येच बसवा आणि पुढे ४ ते २० मिलिॲम्पिअर न्या. तो शून्याऐवजी चारपासून सुरू होतो, त्यामुळे तुटलेली वायर आणि शून्य तापमान यांत गल्लत होत नाही. ट्रान्समीटरला 'सेन्सर तुटला तर कुठे जायचं' हेही सांगून ठेवा, ३.६ च्या खाली की २१ च्या वर. तापवणाऱ्या लूपमध्ये तो वर जायला हवा, म्हणजे हीटिंग बंद होईल.

के टाइप वाईट असं मी म्हणत नाही. भट्टीला, धक्क्यांना, हजार अंशांना तोच बरा. फक्त साधारण ८०० ते १०५० अंशांत, ऑक्सिजन कमी असलेल्या बंद नळीत, त्याच्या धन वायरीतलं क्रोमियम आधी ऑक्सिडाइज होतं आणि आकडा हळूहळू कमी येऊ लागतो. कंट्रोलरला वाटतं भट्टी थंड आहे. तो आणखी तापवतो. पॅनेलवर सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) अगदी बरोबर, आत माल जळतोय. अशा जागी एन टाइप (वेगळ्या मिश्रधातूंचा थर्मोकपल) विचारात घ्या.

बाकीच्या राशींचं झटपट सांगतो. प्रेशरला कॅटलॉगमधला टक्का कशाचा ते वाचा. ० ते १०० बारच्या गेजची १ टक्का अचूकता पूर्ण स्केलची असते, म्हणजे १ बार. १० बारला ती १० टक्के झाली. 'असू दे जरा मोठी रेंज' म्हणून घेतलेल्या गेजची ही खरी किंमत. फ्लोला ओरिफिस (पाइपात बसवायची भोकाची चकती) घेताना लक्षात ठेवा की प्रवाह डीपीच्या (दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १० टक्के प्रवाहाला डीपी उरतो १ टक्का, म्हणून कमाल आणि किमान प्रवाहाचं गुणोत्तर तीन-चारास एकच्या पलीकडे गेलं की तो भरवशाचा नाही. मॅगमीटर (चुंबकीय फ्लोमीटर) छान, पण द्रव विजेचा वाहक हवा आणि पाइप पूर्ण भरलेला हवा. तेलाला तो चालत नाही, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यालाही बहुधा नाही. अल्ट्रासॉनिक लेव्हल वाफ आणि फेस यांना घाबरते. डीपीने लेव्हल मोजणार असाल तर द्रवाची घनता बदलते का, हे प्रोसेसवाल्याकडून लिहून घ्या.

घनतेचा मुद्दा सहज सोडू नका. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक टॉवर सुरू करताना तो भरत गेला. लेव्हल ट्रान्समीटर तळाच्या काही फुटांपुरताच होता आणि द्रव त्याच्या खूप वर गेलेला. त्यातला डिस्प्लेसर (द्रव किती उचलतो यावरून पातळी सांगणारा लोंबता दंडगोल) पूर्ण बुडाला की मग फक्त घनताच जाणवून घेतो. द्रव तापला, घनता घटली, आणि आकडा हळूहळू उतरू लागला. खरी पातळी सुमारे १५८ फुटांवर पोचली तेव्हाही पॅनेल मर्यादेच्या आतली, उतरती पातळी दाखवत होतं. स्फोटात १५ जण गेले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या डेपोत पेट्रोलची टाकी भरत असताना पहाटे तीनच्या सुमारास लेव्हल गेजचा आकडा थिजला. हा गेज त्याआधीही अडकलेला. वेगळा हाय लेव्हल स्विच होता, पण त्याच्या चाचणीचा लिव्हर योग्य जागी धरून ठेवायला कुलूप लागायचं आणि ते लावलेलंच नव्हतं, म्हणून स्विच चाललाच नाही. टाकी ओसंडली आणि सकाळी सहाला स्फोट झाला. म्हणून धोक्याच्या जागी दोन सेन्सर घेताना दोन वेगळ्या तत्त्वांचे घ्या, आणि ट्रेंडवर कधीकधी शंका घ्या. पंप चालू आणि पातळी सपाट, हा अलार्म वाजण्याआधी दिसणारा दोष आहे.

कॅलिब्रेशनबद्दल एकच आग्रह: ॲडजस्ट करण्याआधीचा आकडा नोंदवा. बहुतेक सर्टिफिकेटांवर नंतरचाच ठसठशीत असतो, आणि तो नेहमी सुंदर दिसतो. आधीचा आकडा सांगतो की गेल्या खेपेपासून सेन्सर किती सरकला, आणि पुढची तारीख सहा महिन्यांनी ठेवायची की दोन वर्षांनी. शक्य असेल तिथे सेन्सरपासून पॅनेलपर्यंत सगळा लूप एकत्र तपासा, नाहीतर वरची रेंजची चूक कुठल्याच कागदावर येत नाही.

आणि दुरुस्ती करण्याआधी प्रॉडक्शनशी बोला. आजवरचा चांगला माल पॅनेलवर ८५ दिसत असताना, म्हणजे खऱ्या ८१ ला बनलाय. लूप नीट झाला की पॅनेल ८१ दाखवेल, ऑपरेटर बॅचकार्ड बघेल आणि ते ८५ वर नेईल. तेव्हा सेटपॉइंट, अलार्म आणि ट्रिपचे (आपोआप बंद करण्याचे) आकडे त्याच दिवशी, त्याच परमिटमध्ये (कामाच्या लेखी परवानगीत) तपासून घ्या, आणि बॅचकार्डवर तारखेसह नोंद करा.